कारण : शैक्षणिक

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लिहिणाऱ्यांतला नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि घरात आजवर निर्माण झालेलं साहित्य म्हणजे पाणी येत नाही म्हणून नगरपालिकेला केलेले अर्ज. तेही मीच लिहिलेले. त्या अर्जांनी पाणी आलं नाही, त्यामुळे माझ्या लेखणीत किती जोर आहे याचा अंदाज मला आहे. पण वार्षिकांकाच्या मॅडम म्हणाल्या, "तू व्यक्तिचित्र दे. ओळखीचा माणूस घे, फक्त नाव घालू नकोस." नाव न घालण्याची अट मला फार सोयीची वाटली. कारण ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना मी विचारलेलं नाही. विचारायचं राहून गेलं. ते कसं राहिलं तेच खरं तर सांगायचं आहे, पण एकदम सांगायला धीर होत नाही. म्हणून सकाळपासून सुरुवात करतो.

अंबरनाथच्या बुवापाड्यात आमच्या गल्लीत सकाळी दार उघडलं की माणसं आधी नळाकडे बघतात. आमच्या शेजारचे काका, ज्यांच्याबद्दल मी लिहितोय, ते वर बघायचे. तोंडात ब्रश, एक हात कपाळावर आडवा, आणि पत्र्यांच्या पलीकडे दिसणाऱ्या एमआयडीसीच्या चिमण्यांवरून नजर सावकाश फिरायची. मग फेस थुंकून ते निकाल जाहीर करायचे.

"ही पास. ही पास. ती निळ्या पट्ट्याची नापास. आणि कोपऱ्यातली ती, एटीकेटी."

एटीकेटी हा शब्द त्यांना मी दिला. पहिल्या वर्षी गणितात ती मला लागली होती आणि मी गल्लीत तोंड चुकवून फिरत होतो. काकांनी गाठलंच. "म्हणजे काय रे, प्रोफेसर?" मी सांगितलं, म्हणजे नापासच, पण पुढच्या वर्गात बसू देतात, राहिलेला विषय मागाहून सोडवायचा.

काका एकदम खूश झाले. "म्हणजे आपल्या एमआयडीसीसारखं!"

काका बॉयलर अटेंडंट होते. एमआयडीसीत कापडाला रंग देणारा एक कारखाना आहे, त्याच्या बॉयलरवर. कापड रंगवायला गरम पाणी लागतं, वाफ लागते, आणि ती वाफ काकांच्या हातची असायची. हे काम कोणालाही करता येत नाही, त्याला सरकारी परीक्षा असते. काकांचं सर्टिफिकेट त्यांच्या घरात लग्नाच्या फोटोच्या वर लावलेलं होतं. काकू म्हणायच्या, "फोटोत मी हाय ना, म्हणून खाली."

लहानपणी माझा एक मोठा गैरसमज होता. काका कामावरून आले की माझ्या वडिलांना ओट्यावरून सांगायचे, "जयभीम! आज माझी चिमणी एकदम गप्प होती." मला वाटायचं, काकांनी कारखान्यात चिमणी पाळली आहे. ती बोलली की काकांना राग येतो आणि गप्प बसली की आवडतं. मी एकदा आईच्या डब्यातून मूठभर तांदूळ नेऊन त्यांना दिले, चिमणीला घाला म्हणून. काकांनी ते नीट रुमालात बांधून घेतले. संध्याकाळी म्हणाले, "खाल्ले रे तिने. धूर काढला नाय दिवसभर." मी पाचवीत जाईपर्यंत मला वाटत होतं, चिमण्या उपाशी राहिल्या की धूर काढतात. आता विचार केला तर यात फारसं चुकीचं काही नव्हतं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "धूर दिसला म्हणजे चूक दिसली." ते समजावून सांगायचे तेव्हा आमच्या रसायनशास्त्राच्या सरांपेक्षा लवकर समजायचं. धूर म्हणजे न जळलेला माल. पैसे देऊन आणलेला माल तुम्ही वर फेकताय आणि लोकांच्या नाकात घालताय. आगीला हवा नीट मिळाली, माल सुका असला, माणूस जागा असला तर चिमणीच्या तोंडावर नुसतं हवेचं थरथरणं दिसतं, दुसरं काही दिसत नाही. "माझं काम चांगलं झालं की ते दिसत नाय," ते म्हणायचे. "म्हणून पगार वाढत नाय."

कारखान्यात एक वही असायची. दर तासाला त्यात वाफेचं प्रेशर, पाण्याची पातळी वगैरे लिहायचं, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. बाकीच्या शिफ्टची माणसं तो रकाना कोरा ठेवायची. काका रोज लिहायचे : "धूर नाही." सुट्टीवर जायच्या आदल्या दिवशी खाली एक रेघ मारायचे, म्हणजे पुढच्या पानांची जबाबदारी त्यांची नाही.

हा रोग कारखान्यापुरता नव्हता. होळीला आमच्या मैदानात पोरांनी ओली लाकडं घातली की काका नमस्कार करायच्या आधी "नापास" म्हणायचे. त्यांच्या घरी उदबत्ती एकच, तीही खिडकीत. एकदा बदलापूर गावात त्यांच्या भाचीच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. काका मूळचे तिथलेच. त्यांच्या घरची भातशेती होती, "आमचा भात व्हायचा तिथं आता बिल्डिंगवाल्यांची पोरं पोहतात," असं ते काही विशेष न वाटल्यासारखं सांगत. तर मंडपामागे आचाऱ्याची भट्टी धुमसत होती आणि सगळा धूर बायकांच्या बाजूला जात होता. काका नव्या शर्टाच्या बाह्या दुमडून आत गेले. आचारी म्हणाला, "ओ पाहुणे, तुम्ही मंडपात बसा." काका म्हणाले, "तू भात बघ, मी आग बघतो." अक्षता पडल्या तेव्हा नवरीचे हे मामा भट्टीपुढे उकिडवे बसले होते. फोटोवाल्याने मामांना शोधून आणलं, तर कपाळाला काजळी. काकूंनी पदराने पुसली आणि एवढंच म्हणाल्या, "झाली पास?"

"झाली," काका म्हणाले. "पोरगीपण चांगली दिसतेय."

मग कारखान्यात कोळसा बंद होऊन "पांढरा कोळसा" आला. मला वाटतं वाचकांना माहीत असेल, भुसा, उसाची चिपाडं, भुईमुगाची टरफलं दाबून केलेल्या त्या तपकिरी कांड्या असतात. पर्यावरणाला चांगल्या, असं शेठला कोणी तरी पटवलं होतं. स्वस्त होत्या हे त्याचं त्यालाच पटलं होतं. पहिला ट्रक आला तेव्हा काका ढिगापुढे बराच वेळ उभे राहिले. "पांढरा नाय. कोळसापण नाय. नाव ठेवणाऱ्याचा हात धरला पाहिजे." मग एक कांडी मोडून वास घेतला. "ह्याच्यात शेंगदाणा हाय. मला आठ दिवस द्या."

त्या आठ दिवसांत चिमणी दोनदा नापास झाली, तेव्हा काका गल्लीत कोणाशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी पास. ती टरफलं जळत होती तोवर वारा आमच्या बाजूला असला की भाजक्या शेंगांचा वास यायचा आणि पोरं विनाकारण भुकेली व्हायची. आई म्हणायची, "यांचा कारखाना सुधारला आणि माझा डबा रिकामा झाला."

इथपर्यंत वाचून काका म्हणजे पर्यावरणाचे कोणी मोठे कैवारी होते असं वाटेल. तसं मला लिहायचं नाही. त्याच कारखान्यामागून एक नाला जातो. कापडाला ज्या दिवशी जो रंग, तो नाल्याला. आमच्या गल्लीतल्या बायकांना नाल्यावरून पुढच्या सिझनला कुठला रंग चालणार ते कळायचं. मी एकदा धीर करून विचारलं, "काका, तुम्ही वर एवढं बघता. खाली?"

काकांनी नाल्याकडे पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघितलं. तो दिवस मोरपंखी होता.

"ते माझं डिपार्टमेंट नाय," ते म्हणाले. नंतर थोडं चालल्यावर म्हणाले, "ज्याचं हाय तो पण असाच बोलत असेल, नाय?"  

आता ते सांगतो, जे सांगायला मी टाळतोय.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला पर्यावरणाचा प्रकल्प होता. मी विषय घेतला, "आपल्या परिसरातील वायुप्रदूषण". मॅडमनी बजावलं होतं, फोटो स्वतः काढलेला हवा, इंटरनेटवरचा चालणार नाही. मी तीन दिवस एमआयडीसीत फिरलो. जिथे धूर होता तिथल्या वॉचमनने हाकललं, जिथे वॉचमन नव्हता तिथला कारखाना बंद होता. एका चिमणीचा थोडा धूर मिळाला, पण मागे ढग असल्यामुळे कोणता कुठला ते कळेना. सादर करायला आठवडाच उरला होता. गणितात आधीच एटीकेटी. मी काकांकडे गेलो.

"काका, थोडा धूर पाहिजे होता."

मी असं बोललो. वाटीभर साखर मागावी तसं.

काका जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला. काकूंकडे बघितलं, मग माझ्याकडे. "माझ्याकडे? धूर?"

"दोन मिनिटं. फोटोपुरता."

"अरे, हे म्हणजे हलवायाच्या दुकानात येऊन कारलं मागण्यासारखं झालं," ते म्हणाले आणि ताट सरकवून उठले. दोन दिवस त्यांनी मला प्रोफेसर म्हटलं नाही. सकाळी चिमण्यांचा निकालही मनातल्या मनात लावला.

तिसऱ्या दिवशी तेच आमच्या दारात आले. "बुधवारी ये. अकरा वाजून दहा मिनिटांनी. तीन मिनिटं देतो, चौथं नाय. फाटकाच्या बाहेर रस्त्यापलीकडे उभा राहा, उन्हाला पाठ करून." मग खिशात हात घालून म्हणाले, "इतकी वर्षं वहीत एकच शेरा. एक दिवस वेगळा चालेल आता."

त्या "आता"कडे तेव्हा माझं लक्ष गेलं नाही. मला फक्त फोटो दिसत होता.

"पण एक करायचं," ते म्हणाले. "फोटोखाली लिहायचं, चुकीचं उदाहरण. म्हणजे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे, असं करायचं नसतं. लिहिशील?"

"लिहीन," मी म्हणालो.

बुधवारी बरोबर अकरा दहाला त्या चिमणीतून आधी एक करडी गुंडाळी निघाली, मग काळाभोर लोट. तो एवढा काळा होता की मी घाबरून पहिले दोन फोटो हलवले. आत काकांनी हवेचं झाकण लावून ओल्या कांड्या टाकल्या असणार. मी बारा फोटो काढले. अकरा तेराला कोणी कान पिळल्यासारखा धूर बंद झाला.

प्रकल्पात तो फोटो पूर्ण पानभर लावला. खाली लिहिलं, "औद्योगिक प्रदूषण : अंबरनाथ". "चुकीचं उदाहरण" लिहिलं नाही. विसरलो असं लिहिणार होतो, पण विसरलो नव्हतो. मॅडमना ते विचित्र वाटेल, दोन मार्क कमी होतील, असं वाटलं.

प्रकल्पाला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मिळाले. पोस्टर करून प्रदर्शनात लावला. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी त्या धुरापुढे उभं राहून हसत सेल्फी काढला आणि पर्यावरणावर बोलून एसी गाडीतून गेले. गाडी पूर्णवेळ चालू ठेवली होती. दोन दिवसांत माझा फोटो शीर्षकासकट सगळ्या ग्रुपवर फिरायला लागला, खाली कोणी तरी लिहिलेलं, "जागे व्हा अंबरनाथकर!" फिरत फिरत तो काकांच्या मोबाइलवरही आला. त्यांनी मला ओट्यावर बोलावलं.

"हे बघितलंस काय, प्रोफेसर?"

"हो."

"कुणाची चिमणी असेल रे?"

"ओळखता येत नाही, काका."

ते फोन जवळ घेऊन, लांब धरून बघत राहिले. मग खाली आले, जिथे माझं शीर्षक होतं. ते त्यांनी वाचलं. मला माहीत आहे, कारण त्यांचे ओठ हलले. "हवा कमी पडली बिचाऱ्याला," एवढंच म्हणाले आणि फोन खिशात टाकला.

त्यानंतर महिन्याभरात कारखान्यात फायली घेऊन प्रदूषणवाले साहेब लोक येऊन गेल्याचं गल्लीत कळलं. मग रस्ता खणला गेला, पाइप आला, आणि जुना बॉयलर काढून गॅसवर चालणारे छोटे बॉयलर बसले. ते एवढे छोटे की त्यांना सर्टिफिकेटवाला माणूस लागत नाही. माझ्या डोक्यात सरळ रेघ तयार झाली : माझा फोटो, साहेब लोक, गॅस, काका.

उद्घाटनाचा व्हिडिओ काकांनी स्वतः मला दाखवला. शेठने बटण दाबायला कारखान्यातला सगळ्यांत जुना माणूस म्हणून काकांनाच बोलावलं होतं. अंगावर शाल, हातात नारळ. काका बटण दाबतात, टाळ्या होतात, आणि सगळे कॅमेऱ्याकडे बघत असताना एकटे काका दारातून बाहेर जाऊन वर बघतात. नव्या धुराड्यातून काहीच येत नाही. व्हिडिओत त्यांचा आवाज बारीक ऐकू येतो, "पास." मग ते परत आत येतात आणि हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नाही. शेवटी नारळ दोन्ही हातांत धरतात.

"आयुष्यभर जे करायला बघत होतो ते त्या बटणाला पहिल्याच दिवशी जमलं," काका म्हणाले. "कुठली परीक्षा दिली नाय त्याने."

महिनाअखेर त्यांना घरी बसवलं.

एकदा ते मला उल्हासनगरला घेऊन गेले, कॅम्प दोनमध्ये एका फरसाणवाल्याकडे बॉयलर आहे असं कोणी तरी सांगितलं होतं. सर्टिफिकेट भिंतीवरून उतरवून प्लास्टिकच्या पिशवीत घेतलं होतं. दुकानामागे शेठ उभा होता, सिंधी, गोरापान, बनियनवर. त्याने सर्टिफिकेट दोन्ही हातांनी घेतलं, नीट वाचलं, आणि तितक्याच नीट परत दिलं. "चाचा, इज्जत से बोलता हूं, बुरा मत मानना. मेरा बॉयलर तो गीझर जैसा है. मेरी बहू चालू करती है, बहू ही बंद करती है."

काका म्हणाले, "बहू को बोलना, फिल्टर साफ रखे. लौ पीली है, नीली होनी चाहिए."

शेठने आत जाऊन बघितलं. परत येताना त्याच्या हातात शेवेचं पाकीट होतं, ते त्याने काकांच्या पिशवीत सर्टिफिकेटवर ठेवलं.

परत येताना बाजारातल्या गर्दीत मी बोलायचं ठरवलं. समोरून कापडाचे गठ्ठे डोक्यावर घेतलेली माणसं येत होती, काका पिशवी छातीशी धरून चालत होते. "काका, तो फोटो," मी म्हणालो, "त्याच्याखाली मी..."

"गणित सुटलं ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बाकीचं?"

"बाकी पण."

"मग पास झालास ना! चल, शेव खा. पोटात हवा जाऊ नको देऊ."

मी शेव खाल्ली. बोलायचं राहिलं.

पुढे त्यांनी बुवापाड्यातली भाड्याची खोली सोडली आणि दोघं बदलापूर गावात त्यांच्या भावाच्या घरात राहायला गेले. टेम्पोत बसताना काकांनी शेवटचं वर बघितलं. त्यांची जुनी चिमणी अजून उभी होती, पाडायला खर्च येतो म्हणून. "ही आता कायमची पास," ते म्हणाले. "काम बंद झालेल्या माणसासारखी." मी म्हणालो, येतो भेटायला. अंबरनाथहून बदलापूर दहा मिनिटांवर आहे. ती दहा मिनिटं मला वर्षभरात पार करता आली नाहीत. दर रविवारी मी काही तरी कारण काढायचो. अभ्यासाचं कारण सगळ्यांत चांगलं असतं, त्यावर घरात कोणी वाद घालत नाही.

मागच्या महिन्यात आमच्या वर्गाची औद्योगिक भेट निघाली. बस त्याच फाटकापुढे थांबली. फाटकावर आता हिरवी पाटी आहे, "हरित उद्योग", आणि तिच्याखाली कुंडीत तुळस. सुपरवायझरनी आम्हाला नव्या बॉयलरच्या खोलीत नेलं. खोलीत कोणीच नव्हतं, नुसता एक पंखा आणि टेबलावर कॉम्प्युटर. कॉम्प्युटरचा पडदा डोळ्यांच्या उंचीवर यावा म्हणून त्याखाली चार जाड वह्या रचल्या होत्या. सगळ्यांत वरची मला ओळखू आली. काकांचं अक्षर गोल होतं, प्रत्येक अक्षर शेजारच्यापासून अंतर राखून.

मुलं पुढे गेल्यावर मी विचारलं, बघू का. सुपरवायझर म्हणाले, "बघा की, पण पडदा पडू देऊ नका." मी तो बुधवार शोधला. तारीख माझ्या फोनमध्ये त्या फोटोवर आहेच. मागची सगळी पानं, धूर नाही, धूर नाही, धूर नाही. मग ती ओळ.

"सकाळी ११.१० ते ११.१३. काळा धूर. हवा मुद्दाम कमी केली. कारण : शैक्षणिक."

आणि दुसऱ्या दिवसापासून परत, धूर नाही.

"ते होय?" सुपरवायझर खांद्यावरून वाकून म्हणाले. "काका काम सोडून गेल्यावर कपाट आवरताना सापडलं आम्हाला. शैक्षणिक म्हणजे काय, अजून कोणाला कळलं नाय. तुम्ही शिकलेले, तुम्हाला कळतंय का?"

मी मान हलवली. ती हो होती की नाही, मलाच माहीत नाही. मग मी विचारलं, त्या धुरामुळेच ना नोटीस आली, गॅस आला?

"कसली नोटीस? साहेब लोक दर वर्षी येतात, चहा घेतात, सही करतात. गॅसचं तर त्याच्या कितीतरी आधी, पावसाळ्यापूर्वीच ठरलं होतं. पाइप कुठून आत घ्यायचा ते काकांनीच फिरून दाखवलं." ते हसले. "एक फोटो फिरत होता बघा तेव्हा, चिमणीचा. आमच्या ऑफिसातपण आलेला. सगळे बोल्ले, बाजूवाल्याची असेल. आपली चिमणी धूर काढतच नाय, हे सगळ्यांनाच माहीत!"

म्हणजे माझ्या फोटोने कोणाचं काही बिघडवलं नव्हतं. कोणाचं काही सुधारलंही नव्हतं. दीड वर्ष मी जो गुन्हा पोटात घेऊन फिरत होतो, तो झालाच नव्हता. आणि बुधवारी ये म्हणून सांगताना काकांना ठाऊक होतं की आपला बॉयलर जाणार आहे, आपण जाणार आहोत. इतकी वर्षं डाग न लागलेल्या आपल्या नावातली तीन मिनिटं त्यांनी मला दिली होती. माझ्याकडे त्यांचं जे देणं राहिलं होतं ते फक्त दोन शब्द होते, फोटोखालचे.

त्या रविवारी जायचंच ठरवलं. प्रकल्पाची प्रत काढली, फोटोखाली पेनाने लिहिलं, "चुकीचं उदाहरण". घरातून निघण्याआधी पत्ता विचारायला काकूंच्या नंबरवर फोन लावला.

"कोण, प्रोफेसर?" काकू म्हणाल्या. मागे कुकरची शिट्टी झाली, ती संपेपर्यंत त्या थांबल्या. "अरे, तुला कोणी सांगितलं नाय काय? दोन महिने झाले रे. मना वाटलं, गल्लीत कळलं असंल."

मी हातातली प्रत खाली ठेवली.

"झोपेतच गेले. त्रास काय झाला नाय," त्या सांगत राहिल्या. "अवकाळी पाऊस लागलेला, स्मशानात लाकडं सगळी ओली. भाचा बोल्ला, मामाला ओल्या लाकडावर नाय ठेवायचं, उठून शिव्या घालील. मग गॅसवरच केलं, आता हाय ना इथं गॅसची दाहिनी. बाहेर सगळे उभे होते पावसात. आणि काय सांगू तुला, सगळेच्या सगळे वर बघत होते. त्या धुराड्याकडे. सवयच लावली होती ना त्यांनी."

मागे कुकरची दुसरी शिट्टी झाली.

"काय दिसलंच नाय रे," काकू म्हणाल्या. "एवढासापण नाय. मग, पास ना?"